दार लाव

आमच्या बेकरीचं दार लोटलं तरी पुरतं मिटत नाही.
ऑगस्टात नदीवरचा वारा त्या फटीतून आत घुसतो
आणि काउंटरवरून कोरोनेल ओरडतो: दार लाव!
पोस्टमनला, शाळेच्या पोरांना, एकदा तर पाद्रीबाबांना.
वीस वर्षं झाली. सगळी गल्ली एका पोपटाला भिऊन दार लावते.

मंगळवारी तीन गिऱ्हाइकं दार उघडं टाकून गेली.
मी कणीक मळत होते. चौथ्याच्या वेळी हात थांबला.
जे ऐकू आलं नाही, ते ऐकू आलं.

तसा तो होता नेहमीच्याच दांडीवर,
पिसं फुगवून. थंडी आहे, मी म्हटलं.
वाटीत चोच मारत होता. खातोय की, मी म्हटलं.
मग सवयीनं टरफलं फुंकली.
उडाली नाहीत.
एकेक बी तशीच, आतल्या गरासकट.
लबाड! माझ्यासमोर जेवल्याचं नाटक करत होता.

शेपूट श्वासागणिक हलत होतं,
हातपंपाच्या दांड्यासारखं.

पन्नास ग्रॅमचा गोळा मी डोळे मिटून तोडते.
याला रोज खांद्यावर घेऊन फिरले
आणि खांद्याला कळलं नाही.
भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं, ईस्टरचं: चारशे बारा.
तराजूवर आत्ता: तीनशे सत्तर.
बेचाळीस ग्रॅम. म्हणजे एक बिस्कोचो.
तेवढा तो माझ्यादेखत संपला होता.

दोन्या इर्मा म्हणाली, चमचाभर ग्राप्पा पाज.
वॉशिंग्टनकडे त्याच्या खोकल्याच्या गोळ्या उरल्या होत्या,
अर्धी देऊन बघ, म्हणाला.
शेजारच्या न्हाव्यानं लसूण आणून दिला.
कुणाला दुखावलं नाही. लसूण पावात घातला.

फोनवर डॉक्टर एचेवेरी एवढंच म्हणाल्या,
उद्या नको, आज.
आणि पिंजऱ्याच्या तळचा कागद तसाच आणा,
धुऊनपुसून चांगुलपणा करू नका.
म्हणून कालचा पेपर घडी करून पिशवीत.
फुटबॉलचा निकाल हिरव्या पाण्यात बुडालेला.
पिंजरा मैद्याच्या पोत्यानं तीन बाजूंनी गुंडाळला,
चौथी बाजू माझ्या कोटाकडे.
बसवाल्यानं पिंजऱ्याकडे पाहिलं, हीटर वाढवला,
तिकीट मागितलं नाही.

ही जात दुखणं अंगावर काढते, डॉक्टर म्हणाल्या,
थव्यात जो आधी वाकतो, त्याला ससाणा उचलतो.
मॉन्टेव्हिडिओत, पावांच्या फळीखाली, कुठला आलाय ससाणा?
पण पिसांना हे कोण समजावणार.

आता मागच्या खोलीत दिवा जळतो, दिवसाही.
सकाळ-संध्याकाळ टॉवेलात धरून
चोचीच्या कडेनं औषध, थेंब थेंब.
पहिले तीन दिवस मुकाट गिळलं.
त्याचीच जास्त भीती वाटली.
चौथ्या दिवशी अंगठा फोडला त्यानं.
रक्त पुसत मी हसले,
आणि गिऱ्हाइकाला चुकून एक पाव जास्त दिला.

नववा दिवस. तीनशे एक्क्याऐंशी.
मैद्याचं पोतं टाकून पोरगा गेला, दार सताड उघडं.
मी पैसे मोजत होते.
मागून, दिव्याच्या उबेतून,
गंजलेल्या कडीसारखा आवाज:
दार—

एवढंच.
उरलेलं वाक्य मी उठून लावून घेतलं.