पाटी

सगळ्यांत जवळचं घर अकरा मैलांवर,
मधे रस्ता नाही, चाकांनी मळलेला नुसता अंदाज.
वेस्ट फॉकलंडवर शाळा म्हणजे
आमचं स्वयंपाकघरातलं टेबल:
एका कोपऱ्यावर मटण तोडल्याच्या खुणा,
दुसऱ्यावर ब्रॉडीनं चमच्यानं कोरलेला उलटा सात.

नऊ वाजता पीटची राख बाहेर टाकून येते,
हात पुसते, आणि आईची बाई होते.
ब्रॉडी बोट वर करतो.
"बाई, आईला सांगा ना, मला भूक लागलीय."
आई होते. पाव देते. परत बाई.
मेरन टेबलाखाली असते. चार वर्षांची.
तिची शाळा म्हणजे माझ्या बुटांच्या नाड्या सोडणं.

साडेदहाला रेडिओ. स्टॅन्लीहून वीस मिनिटं,
वारा चढला तर दहा.
"मुलांनो, आज आपण—" आणि पुढे खरखर.
ब्रॉडी ती खरखरही वहीत उतरवून घेतो,
बारीक बारीक रेघांनी, पानभर.

मेंढ्या मात्र तो फाटकातून मोजतो, दोन-दोन,
तीनशे बारा. डंकन चुकतो, हा नाही.
पुस्तकातली सफरचंदं काही केल्या जमत नाहीत.
"पाचातली दोन गेली, किती राहिली?"
"गेली कुठे?" विचारतो. "कुणी फाटक उघडं ठेवलं?"

दीड महिन्यातून एकदा लाल विमान गवतावर उतरतं,
फिरते मास्तर पेनहॅलो दोन आठवडे मागच्या खोलीत राहतात.
गेल्या खेपेला, मुलं झोपल्यावर, हळू म्हणाले,
"सहा पूर्ण झाली. अजून एक शब्द लागत नाही."
मी म्हटलं, हो.
त्यांनी मला बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.
चौदाव्या वर्षी शाळा सोडून मी
लोकरीच्या गठ्ठ्यांवर आकडे रंगवायला लागले होते.
त्या रात्री तोच ब्रश काढला,
पुठ्ठ्याचे तीस तुकडे रंगवले:
मांजर, पाऊस, आई, चहा.
त्यानं त्यांचा पूल केला. वरून गाडी नेली.

मार्चमध्ये डिडल-डीची फळं खुडायला
समुद्राकडे निघालो. बादल्या वाजत होत्या.
तारेच्या कुंपणापाशी तो थांबला.
लाल पाटी, पांढरी कवटी, खाली अक्षरं,
युद्धानंतर लावलेली, त्याच्या जन्माआधीची.
त्याचं बोट हवेत फिरलं.
"धो," म्हणाला. मग वाऱ्याला पाठ करून,
"धोका."

कुंपणापलीकडून पेंग्विन चालले होते, रांगेत,
सुरुंगांवरून, घरी.
"त्यांना वाचता येत नाही?"
"ते हलके आहेत. त्यांच्या पायाखाली काही फुटत नाही."
त्यानं स्वतःच्या बुटांकडे बघितलं. बराच वेळ.

मी तीस शब्द मांडून बसले होते,
आणि हा एकतिसावा
मीच त्याला शिकवत आले होते,
पाऊल टाकायला लागला तेव्हापासून,
दंड धरून, मागे ओढून, दर खेपेला.
तेव्हा मला कुणी बाई म्हणत नव्हतं.

तिथेच, कवटीसमोर, मी त्याला उचलून गरगर फिरवलं.
अर्धी बादली सांडली.
घरी येईपर्यंत तो ओरडत होता:
कुत्र्याला धोका, फाटकाला धोका,
डंकनच्या वाळत टाकलेल्या पायमोज्यांना धोका.

रात्री मास्तरांच्या वहीत, 'वाचन'च्या रकान्यात
मी एकच शब्द लिहिला.
'साधन' विचारलं होतं, ते कोरं सोडलं.
किटली ओरडायला लागली म्हणून उठले
आणि तोंडावरच पडणार होते:
टेबलाखाली कुणीतरी माझे दोन्ही बूट
एकमेकांना बांधून ठेवले होते.
गाठ घट्ट होती. तिची पहिली.
खालून मेरन म्हणाली, अगदी स्पष्ट,
"धोका."