दुसऱ्या पाळीला जाताना, भाऊंसाठी

भाऊ, आज रात्री नवाला स्पर्धा आहे
आणि माझी अंबडला दुसरी पाळी.
रजा मागितली. सुपरवायझर म्हणाला, कसली स्पर्धा?
म्हटलं, मासे धरायची, फोनवर.
त्याचं हसू थांबेना.
तेव्हा माझ्या नावाने आज बापानेच बसायचं.

फोन चार्जिंगला लावूनच खेळा.
वायफाय गेलं तर वरून बोट खाली ओढा, डेटा चालू करा.
पुष्पाकाकूचा फोन आला तर उचलू नका,
तिला आनंदवल्लीचं लग्न पहिल्यापासून सांगायचंय.

गळ दुपारीच दुरुस्त करून ठेवलाय.
पिशवी रिकामी केलीय. भरल्या पिशवीत मासा मावत नाही,
विकत बसलं की तीन मिनिटं गेली;
मागच्या महिन्यात माझं तिथेच बोंबललं.
आमिषं तीन: गांडूळ, कोळंबी
आणि ती निळी चमकणारी गोळी.
निळी शेवटच्या दहा मिनिटांसाठी. आधी हात लावायचा नाही.

वेळ पंचेचाळीस मिनिटं.
पहिल्या पंधरात मोठ्याच्या मागे लागू नका.
सगळे खोल पाण्याकडे धावतात. धावू देत.
तुम्ही लाकडी पुलाखाली, लव्हाळ्याच्या कडेला,
बोटभर, वीतभर, येईल ते घ्या.
इथे वजन नंतर, आधी जाती मोजतात.
एका जातीचे दहा म्हणजे एकच.
एका जागी तीनदा गळ रिकामा आला की उठा तिथून,
हट्ट करू नका. तुमचा हट्ट मला माहितीये.

आता अवघड भाग.
पाण्याकडे बघू नका, भाऊ.
गंगापूर धरणावर तुम्ही नुसते बुडबुडे बघून सांगायचात
खाली मरळ आहे की चिलापी,
आणि मी होडीत बसून मोजायचे, किती वेळा बरोबर.
इथलं पाणी कुणीतरी रंगवलंय.
बारा सेकंदांनी तीच लाट परत येते.
उजवीकडच्या पट्टीकडे बघा.
हिरवी आहे तोवर ओढा, पिवळी झाली की ढील द्या,
लाल झाली की दोरी गेलीच समजा.
अंगठा फक्त. अख्खा हात नका हलवू,
काल चहा सांडला तो चादरीवरून निघाला नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत नवा गळ टाकायचा नाही.
मोठा लागला तर वर यायला तेवढाच वेळ घेतो,
घंटा झाली की अर्धा आलेला धरत नाहीत.
पहिल्या दहांत आलात तर सोन्याचा गळ मिळतो.
खोटाच. पण मला हवाय.

*

साडेबाराला कंपनीची बस पाथर्डी फाट्यावर सोडते.
घरी आले तर भाऊ जागे,
चार्जरची वायर जाळ्याच्या दोरीसारखी
कोपरावर गुंडाळून नीट ठेवलेली.
क्रमांक एकेचाळीस.

जाती अकरा. मला कधी नवाच्या वर मिळाल्या नाहीत.
निळी गोळी बरोबर वेळेला वापरलेली.
मग?
लागली होती की, म्हणाले, हातभर.
पट्टी हिरवी होती शेवटपर्यंत, तुझ्या शपथेवर.
काठाला आली तेव्हा पोट दिसलं.
अंड्यावरची होती गं. आषाढ चालू आहे.
रंगवणाऱ्याला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.
सोडली मी.

सोडायचं बटण मी सांगितलंच नव्हतं.
दोन वर्षं खेळतेय, मलाच माहीत नव्हतं
की असं बटण असतं.

भाकरी झाकून ठेवली होती. चष्मा शोधून दिला त्यांना,
म्हटलं, भाऊ, दाखवा बरं
कुठे आहे ते.