चार फुटांच्या आत

घोलप म्हणाला, सानपाड्याला नवीन निघालंय,
दुपारी साडेबारा ते साडेतीन,
माणशी चारशे नव्व्याण्णव, खा किती खायचं ते.
मी विचारलं, टॅक्स धरून?
घोलप तंबाखू मळत राहिला.
म्हणजे टॅक्स वेगळा.

मी वही काढली.
एकोणीस वर्षं तुर्भ्याच्या मसाला मार्केटात तोलणार आहे,
जिऱ्याचं पोतं नुसतं बघून
अर्ध्या किलोच्या फरकानं सांगतो.
मग हॉटेल काय चीज आहे?
वाशीचं : आधी सूप, मग पापड, मग आग्रहाचं सरबत.
सगळे पोट बुजवायचे धंदे.
नेरूळचं : भात उदंड, पनीर देव दाखवायला.
बेलापूरचं : सुरमई फक्त बुधवारी,
आणि बुधवारी आमचा काटा हलत नाही जागचा.
खारघरचं बरं होतं,
पण जेवता जेवता तीनदा विचारलं, बिल आणू?
त्याच्यापुढे फुली.

शालन म्हणते, एवढ्या पैशात
घरी पाच किलो कोंबडी येईल.
येईल की.
पण कोंबडी घरी आली की ओट्याशी तीच उभी,
आणि पातेल्यातला चांगला तुकडा
कुणाच्या ताटात पडतो ते बघितलंय मी.
वर्षातून दोनदा तिनं बसावं,
उठलीच तर स्वतःच्या ताटासाठी उठावं.
हा हिशेब वहीत नाही.

रविवारी सकाळी चहासुद्धा अर्धाच घेतला तिघांनी.
कोपरखैरण्याहून बस, मग भर उन्हात पायी,
शालनच्या पायात लग्नातल्या चपला.
दाराशी भिंतीवर जिराफ रंगवलेला,
त्याच्या मानेवर फुटांच्या रेघा.
चार फुटांच्या आत अर्धा दर.

मी रेवतीकडे बघितलं.
तिला ठाऊक होतं मी का बघतोय ते.
गेल्या तीन वेळा मीच शिकवलं होतं :
गुडघे जरा सैल सोड, मान आत घे,
श्वास सोडून दे सगळा.
दिवसभर दुसऱ्याच्या मालाचं खरं माप सांगणारा मी.

रेवतीनं सँडल काढले.
टाचा भिंतीला टेकवल्या, हनुवटी वर केली,
वेणी चपटी करून डोक्यावरून बाजूला सारली
आणि दारातल्या पोराला म्हणाली,
दादा, नीट बघा.

चार फूट दीड इंच.

पोरगं माझ्याकडे बघायला लागलं.
पट्ट्यातलं होतं, साताऱ्याकडचं, बोलीवरून कळलं.
त्यानं हळूच म्हटलं, काका, अर्धं लावू का?
रेवती अजून तशीच उभी,
जिराफाच्या पोटाला पाठ लावून,
श्वास भरून.
पूर्ण लाव, मी म्हणालो.
मापात आहे ना, मग पूर्ण लाव.

आत कबाब होते, बिर्याणी होती,
कोळंबी होती, खरीखुरी, नखाएवढी नव्हे.
शालन त्या कशाकडेच गेली नाही.
पाणीपुरीच्या गाडीसमोर उभी राहिली
आणि अकरा खाल्ल्या.
मी म्हटलं, अगं, ही वीस रुपयांना कोपऱ्यावर मिळते.
तोंड भरलेलं होतं तिचं. हात हलवून मला हाकललं
आणि पुढची मागितली, तिखट.
रेवतीनं तीन वाट्या आइस्क्रीम आणि थोडा भात.
मीच एकटा वसुलीला बसलो होतो,
चौथ्या ताटाला घाम फुटला.

रात्री वहीत लिहिलं :
सानपाडा. टॅक्ससकट पंधराशे बहात्तर.
कोळंबी चांगली. बिल आणू कुणी म्हणालं नाही.
पनीर किती तुकडे, या रकान्यात काय लिहावं सुचेना,
तिथं लिहिलं, चार फूट दीड.

नऊ वाजता रेवती म्हणाली, भूक लागली.
शालन आडवी पडली होती, पंख्याखाली, उताणी.
डोळे न उघडता म्हणाली,
दूध आहे. बाबांना सांग.
ओटा आज बंद.