लोह

नाताळात भाचीनं दोन संच आणले,
एकावर एक फुकट.
अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही,
मग नळीत थुंकायचं, खुणेच्या रेघेपर्यंत,
फेस धरायचा नाही.
सदुसष्टाव्या वर्षी थुंकीसुद्धा बोलावल्यावर येत नाही.
पारास्का म्हणाली, तळघरातल्या काकड्या आठव,
शेपू घालून खारवलेल्या,
तातोच्या हातच्या.
दोघींच्या तोंडाला पाणी सुटलं.
पुरावा म्हणून तेच पाणी
बाटलीबंद होऊन टपालानं गेलं.

उत्तर फेब्रुवारीत आलं.
बाहेर उणे एकोणतीस, मेलविलच्या यार्डात इंजिनं खोकत होती.
पारास्का: गालिसिया, नखशिखांत.
मी: निम्मी.
उरलेल्या निम्म्यात आयर्लंडचा पश्चिम किनारा,
जिथे मी कधी गेले नाही,
जिथलं मला कोणी कधी विचारलं नाही.
पाठच्या बहिणीच्या नावापुढे लिहिलं होतं, सावत्र.
आणि सडबरीचा कोणी डेक्लन मॅकनिकोलस, चुलतभाऊ,
फोटोत मासा धरून हसणारा.
मासा मोठा होता.

पुढची पानं मी उभ्यानंच वाचली.
कानातला मळ: ओला.
कोथिंबीर साबणासारखी लागेल: बहुधा.
(आमच्या दुकानात कोथिंबीर येऊन आठ वर्षं झाली,
तोवर मी कशाच्या भरवशावर जगले?)
उन्हात गेल्यावर शिंक येणे: शक्यता कमी.
लोह: दोन्ही प्रती सदोष.

डॉक्टर ओकाफोर यांनी पुन्हा तपासलं, मग खुर्ची जवळ ओढली.
तुमचं शरीर लोखंड सोडत नाही, म्हणाल्या,
सांध्यांत ठेवतं, यकृतात ठेवतं.
एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून.
म्हणजे ते दोघं एवढं मात्र
सारखं वाटून ठेवून गेले माझ्यात,
तोंडातून शब्द न काढता.
खाण तशी माती.
इलाज जुनाच आहे, त्या म्हणाल्या,
रक्त काढून टाकायचं.

रात्री झोप नाही. फाटक आठवतं.
मी पाच वर्षांची, आईचा हात, ओले कपडे तसेच बादलीत,
आणि गव्हाची गाडी, संपता न संपणारी.
आई डबे मोजायची.
एकशे चार, एकशे पाच.
मला वाटायचं, मला आकडे शिकवते आहे.
शेवटच्या लाल डब्यातून गार्ड हात करायचा.
सगळेच गार्ड लहान मुलांना हात करतात.
आई हात करायची नाही.
आकडा विसरायची, एवढंच,
आणि वाटेत मला विचारायची, किती झाले गं?

तातो रविवारी चर्चच्या दारातून बाहेर पडायचा
आणि बर्फावरचं ऊन त्याच्या नाकात शिरायचं.
तीन शिंका. कधी दोन नाही, चार नाही.
पाद्रीसुद्धा तिसरीसाठी थांबायचे,
मग सगळे मिळून, ना झ्दोरोव्या.
त्याच्या मागोमाग मी, टोपी सावरत, तीन.
पारास्काला आयुष्यात उन्हानं शिंक आली नाही.
तिच्या अहवालात लिहिलंय, शक्यता जास्त.

अहवालावर ती अजून काही बोललेली नाही.
परवा फोनवर बीटचा भाव सांगितला,
आणि म्हणाली, गुरुवारी मी नेते तुला, गाडी तू चालवू नकोस.

पिशवी भरायला अकरा मिनिटं लागली.
काळसर, मला वाटलं त्याहून जड.
नर्सनं बिस्किट दिलं, कोपरावर पट्टी,
सावकाश उठा म्हणाली.
दवाखान्याचं दार ढकललं तर
समोर अख्खं मैदान पांढरं पेटलेलं.
एक.
दोन.
पारास्का गाडीचं दार उघडं धरून
तिसरीसाठी थांबली.