कोंडातला पारा

सड्यावर हवामानाचं यंत्र आहे.
तारेचं कुंपण, पांढरा खांब, वर फिरणाऱ्या तीन वाट्या.
महिन्याला साडेसातशे रुपयांवर
मी त्याची काच पुसतो, गवत काढतो,
गुरं आत शिरू नयेत म्हणून
फाटकाला काथ्या बांधतो.

तिथून सगळं दिसतं.
पश्चिमेला खाडी, मोहल्ल्याची कौलं,
पूर्वेला डोंगरामागे डोंगर, शेवटचा धुरकट,
आणि पायाशी,
ओंजळीत उरलेल्या पाण्यासारखा
आमचा कोंड.

दुपारी साडेबाराला खारा वारा चढून येतो.
आधी हसीना मुकादमच्या वाळत्या बांगड्यांना लागतो,
मग शाळेच्या झेंड्याच्या दोरीला,
मग माझ्या वाट्या गरगरतात.
त्यापुढे तो येत नाही.
गुरववाडीच्या वळणावर ऐनाचं झाड आहे,
तिथे बसतो धाप लागल्यासारखा
आणि आल्या वाटेने परत जातो.

कोंडात वारा नाही.
सूर्यही नऊला,
आधी रायबा शिगवणाच्या माडाच्या शेंड्यावर,
मग झाप झाप मोजत खाली.

रात्री उतारावरून थंडी येते.
येते म्हणजे वाहते, पऱ्ह्यासारखी.
हे कुणी शिकवलं नाही.
पाण्याची पाळी असली की बॅटरी घेऊन उतरतो,
तेव्हा आधी घोट्याला लागते,
मग पोटरीला,
विहिरीशी पोचेपर्यंत कमरेएवढी.
रायबा म्हणतो,
"सड्यावर थंडी पावणी. हितं ती नांदते."

या पौषात नांदली.
कैरी सुपारीएवढी झाली होती.
चौथ्या रात्रीनंतर आठवड्यात
कलमं पुन्हा मोहरली,
अशी की रस्त्यावरचा माणूस थांबून वास घेई.
गाडीतून उतरून एका बाईंनी फोटोही काढला.
रायबा त्याच झाडाखाली वाकलेला,
सुपातून गळ वेचत.
कलम नवा मोहोर धरतं
तेव्हा जुनं फळ सोडून देतं.
फोटोत सूप आलं नाही.

विम्याला आकडा हवा होता:
सलग तीन रात्री, ठरल्या अंशाखाली.
यंत्र म्हणालं, एकही नाही.
यंत्र खोटं बोलत नाही,
काच मीच पुसतो.
सड्यावर खरंच नव्हती.

तालुक्याचे साहेब नीट बोलले, चहा दिला.
"मंडळाला यंत्र एकच असतं."
मंडळात कोंड किती, हे मी विचारलं नाही.
पिशवीत वही होती.
ती मी बाहेर काढलीच नाही.

वही आमच्या समिधाची, नववीतली.
औषधवाल्याने फुकट दिलेला तापमापक,
वर खोकल्याच्या औषधाची जाहिरात,
तिने कार्तिकात विहिरीजवळच्या कलमाला टांगला.
रोज पहाटे पाचला जाते,
विज्ञानाच्या उरलेल्या पानांत लिहिते:
कोंड दहा. सडा चौदा, बाबांनी पाहिलं.
मोहल्ला अठरा, हसीनाचाचीने फोनवर सांगितलं,
पण तिचा काटा चुलीजवळ आहे.
आज विहिरीतून वाफ.
आज कोंड साडेनऊ. बोटं वाकत नव्हती,
म्हणून अक्षर असं.
आज कोतवाल पक्षी ओरडलाच नाही.

परवा तिन्हीसांजेला रायबा आला.
"वाच," म्हणाला.
ती वाचत गेली, तो मान हलवत गेला,
जशी कुणी हजेरी घ्यावी
आणि त्याच्या घरचं प्रत्येक माणूस
हजर निघावं.
पौषाच्या चार रात्रींशी
त्याने तिला थांबवलं.
"परत."
तिने परत वाचलं.

मग उठला, चपला शोधल्या.
"आजचं लिवलंस?"
"अजून रात्र कुठे झाली, रायबाकाका?"

तो अंगणाच्या कडेला गेला,
खाली कोंडाकडे हात लांब केला,
तळवा जमिनीकडे,
जसं चुलीवरचं भांडं तापलं का बघतात,
आणि बराच वेळ
तसाच धरून राहिला.