शुक्रवारचा नंबर

चौदा, दार लोटता लोटताच रेइयो म्हणाला,
आणि सॉनाच्या फळ्यांवर बसलेल्या आम्ही तिघांनी
कुणी गेल्यासारख्या माना खाली घातल्या.
दार लाव आधी, औलिक्की म्हणाली, वाफ जाते.

चौदावा नंबर. तेर्वालाउत्ताचा.
ज्यांचा पहिला नंबर शहाऐंशी साली
नऊ आठवडे कुणाच्या बापाला हलवता आला नव्हता.
तेव्हा मी ताम्पेरेच्या बूट कारखान्यात टाचा ठोकायचो
आणि अख्खी पाळी त्यांच्याच ठेक्यावर ठोकायची.
त्या वर्षीचे बूट म्हणे जास्त टिकले.

आता वर कोण आहे? तौनोने विचारलं.
एक पोरगी. एकोणीस वर्षांची.
बरी गाते का?
बरी गाते, रेइयो म्हणाला, तेच तर दुखणं.

मग सुरू झालं.
तौनोचं म्हणणं, तिसऱ्या गाण्यापासून नुसत्या पाट्या टाकल्यात.
नव्या ड्रमरला तर तो पाण्यातच पाहतो:
पोरगा घड्याळासारखा वाजवतो म्हणे,
आणि घड्याळ काय, घरी भिंतीवर आहेच की.
रेइयोचं म्हणणं, दोष मोजणाऱ्यांचा.
कुणी फोनवर एक गाणं चाळीसदा वाजवलं की तेही धरतात हिशोबात,
आपण एकच तबकडी मरेपर्यंत ऐकणार,
ते कोण मोजतं?
मी तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं.
वाद पेटला की मी पाणी टाकतो.
इथे त्याने आणखीच तापतं.

आणि आवाज, तौनो म्हणाला, आवाज बसलाय त्याचा.
बसू दे की, औलिक्की म्हणाली,
अडुसष्ट वर्षं उभा होता.
ती सगळ्यात वरच्या फळीवर बसते,
जिथे आम्हाला श्वास घेववत नाही.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐकलंत? तिने विचारलं.
तो वरचा सूर घ्यायला जातो,
आणि हात पोचत नाही म्हणून
फडताळातली बरणी राहू द्यावी
तसा खालीच थांबतो.
तेवढं ऐका. मग चौदा म्हणा नाहीतर चारशे.

आम्ही तिघांनीही ऐकलं नव्हतं.
तौनो पहिल्या बाजूवरच वैतागला होता,
रेइयोचा प्लेअर दोन वर्षं मुलीच्या माळ्यावर,
आणि मी, खरं सांगायचं तर, भीत होतो.

तौनो उठून बाहेर गेला.
नॅसियार्वीच्या बर्फाला पाडलेल्या भोकाशी
टॉवेल धरून बराच वेळ खाली बघत राहिला.
ड्रमर दिसला असेल त्याला तिथेही.

पायऱ्यांवर मोजे चढवताना औलिक्की सहज बोलून गेली,
दुकानात तिने दोन घेतल्या.
पस्तीस वर्षं दोनच घ्यायची, एक तिची, एक एस्कोची.
आपल्या तबकडीला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.
एस्को ऑक्टोबरात गेला.
काउंटरवरच्या पोराने विचारलं, दोन?
आणि तोंडातून हो निघून गेलं.

म्हणजे या चौदात एस्को आहे, रेइयो म्हणाला.
पंधरा होता होता वाचवलं गड्याने.

आम्ही हसलो. उणे अकरात हसण्याचीही वाफ होते.
तौनो वर आला, केसांच्या काड्या झालेल्या,
म्हणाला, पुढच्या शुक्रवारी चाळिसाच्या खाली जाणार, लिहून घ्या.
जाईल, औलिक्की म्हणाली.
आपला नाही का नंबर लागणार कधी?

मग बुटाची नाडी बांधत, कुणाकडेच न बघता:
बुधवारी या कुणीतरी.
बाजू तो उलटायचा.

मी म्हणालो, बुधवारी चारला माझा दात काढायचाय.
पाचला ये, ती म्हणाली.