तिसऱ्या ठोक्याआधी

बावीस वर्षांनी टेपचा डबा उघडला तेव्हा
आधी बुरशीचा वास आला, मग पॉवर प्रेस.
साकीनाक्याच्या गाळ्यातली ती,
जिच्या ठोक्यावर आमचा मागचा अल्बम उभा होता.
(गाळ्यात आता दातांचा दवाखाना.
प्रेस दारूखान्यात वजनावर गेली.)

टस्कानो म्हणाला, ड्रम नकोतच, हीच लाव.
त्याचा आवाज आता वर चिरत जात नाही,
ऑइलच्या साक्यासारखा तळाशी बसतो.
केणीच्या मनगटाला पट्टा.
मी चाळिशी लावून वायरी जोडतो.

दोन ठोके, आणि तिसऱ्याच्या आधी
एक खोकला.

तेव्हा आम्ही तो कापायचो,
दर वेळी, ब्लेडने, शिव्या घालत.
सखाहरीचा. प्रेस त्याच्या हातात असायची.
"तुमचं रेकॉर्डिंग सुरू झालं की घसा खवखवतोच," म्हणायचा
आणि चहा मागवायचा, आमच्या खात्यावर.

नव्या अल्बमच्या चौथ्या ट्रॅकवर
खोकला आहे तिथंच आहे.
मास्टरिंगवाल्या पोरीनं दोनदा विचारलं,
हे चुकून राहिलंय का?
केणी गिटारच्या तारा पुसत बसला.
टस्कानो म्हणाला,
वाढव थोडा.